माझ्या हातचं रॉकेट

२८ डिसेंबर २०२५, रविवार

रॉकेट उभं राहिलं. सहा फूट दोन इंच. नागनाथच्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या शेजारी, भिंतीचा आधार न घेता स्वतःच्या तीन पंखांवर. मी दोन पावलं मागे गेलो आणि मला चक्क रडू आलं. एकसष्ट वर्षांचा माणूस फायबरग्लासच्या नळकांड्याकडे बघून रडतो. नागनाथनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून लेथवरचा कीस झाडायला लागला.

म्हणून ही वही. अठ्ठावीस वर्षं मी घड्याळाच्या कारखान्यात असेंब्लीला होतो, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर. हजारो मनगटांवर माझ्या हातचं काम फिरलं असेल, पण नाव कारखान्याचं. या रॉकेटवर मात्र लाल अक्षरांत माझं नाव आहे, श्रीरंग. नागनाथ त्याच कारखान्यात टूलरूमला होता. कारखाना बंद पडल्यावर त्यानं बेंगळुराबाहेर होसकोट्यात हे दोन लेथचं वर्कशॉप टाकलं. लेथकाम सगळं त्याचं, बांधणी सगळी माझी.

नियम लिहून ठेवतो. मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, आमचा हौशी रॉकेट-क्लबच देणार आणि तेच बसवणार. त्याला आपण हात लावायचा नाही. आपलं काम रॉकेट बांधायचं आणि ते सुखरूप खाली आणायचं. वर गेल्यावर नाकाची टोपी उडाली पाहिजे आणि आतलं पॅराशूट उघडलं पाहिजे. नाही उघडलं, तर सहा किलोचा भाला लोकांच्या डोक्यावर. म्हणून आधी जमिनीवर चाचणी. रॉकेट आडवं ठेवायचं, लांबून बटण दाबायचं, आतली गॅसची कुपी फुटते, टोपी उडते, पॅराशूट बाहेर. ८ फेब्रुवारीला क्लबच्या महांतेशसमोर लागोपाठ दोनदा हे जमलं, तर २२ फेब्रुवारीला उड्डाण. महांतेश हा सुरक्षा अधिकारी. वय चौतीस, बोलणं गोड, नियम लोखंडी. मैदानाची परवानगी दोन वर्षांनी मिळाली आहे, पुन्हा कधी मिळेल ते देव जाणे.

आणि सगळ्यात मोठा नियम: ज्याचं नाव रॉकेटवर, त्यानंच पॅराशूटची घडी घालायची, त्यानंच तारा जोडायच्या. दुसऱ्याचा हात लागला की बाद. हा नियम मला फार आवडला.

श्यामलानं आज पुन्हा नसांच्या डॉक्टरांचा विषय काढला. माझा उजवा हात मांडीवर ठेवला की आपोआप हलतो म्हणे. बायको टीव्हीसमोर बसते आणि माझा हात बघते. मी सांगून टाकलं, ८ तारखेला याच हातानं दोन चाचण्या पास करून दाखवतो, मग तुझं तोंड बंद. नाही जमलं तर तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो. ती म्हणाली, "लिहून द्या." घे, लिहिलं.

२ जानेवारी, शुक्रवार

पॅराशूटचं कापड घेऊन चिकपेटला धनलक्ष्मीकडे गेलो. तीस वर्षं श्यामलाचे ब्लाउज तीच शिवते. चार पिढ्या बेंगळुरात, घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि चिडली की दोन्ही एकदम. मी कागदावर आकृती काढून नेली होती. आठ कळ्या, मध्ये भोक, कडेला आठ दोऱ्या.

"अण्णा, हे घालणार कोण?"

"रॉकेट."

"मग माप घ्यायला त्याला घेऊन यायचं की."

बाकीच्या बायका हसल्या. हसू देत. मी दोन तास स्टुलावर बसून राहिलो आणि तिचं काम पाहिलं. एकही टाका वाकडा नाही. शेवटी तिनं ते नारिंगी कापड अशी चापून घडी घालून दिलं, की उघडायचंच जिवावर आलं. आमच्या असेंब्ली लाइनीवर असती तर मी तिला पहिल्या टेबलाशी बसवलं असतं.

४ जानेवारी, रविवार

पहिली चाचणी नापास.

वर्कशॉपच्या मागच्या आवारात रॉकेट घोडीवर आडवं ठेवलं. पन्नास पावलांवरून बटण दाबलं. फट्! टोपी उडाली, पॅराशूट बाहेरही आलं, पण मिटलेल्या छत्रीसारखं पडून राहिलं. जाऊन पाहतो तर आतल्या बाजूनं प्रत्येक कळीला कच्चा टाका! तिथूनच धनलक्ष्मीला फोन लावला.

"कच्चे टाके ट्रायल झाल्याशिवाय मी काढत नाही अण्णा. माप बसलं की नाही बघायला नको? झाली का ट्रायल?"

"झाली!"

"मग आता काढा."

नागनाथ पोट धरून हसत होता. "आरं पण घडी घालताना तुला दिसलं न्हाई व्हय?" दिसणार कसं? तिची घडी इतकी सुरेख होती की मी ती तशीच आत सरकवली होती. मोडून पुन्हा घालायची म्हणजे उगाच खटाटोप. नियमानं ती मीच घालायला हवी, पण ही काही महांतेशसमोरची चाचणी नव्हती.

एक गोष्ट मात्र कळली. आपल्या हातून काही चुकलेलं नसतानाही काम बिघडू शकतं. चूक कुठून येईल सांगता येत नाही.

११ जानेवारी, रविवार

दुसरी चाचणी. बटण दाबलं, काहीच नाही. पुन्हा दाबलं. समोरच्या शेडवरचा कावळासुद्धा उडाला नाही. झाकण उघडलं तर कुपीची तार स्क्रूखालून निसटलेली. मी स्वतः बसवलेली तार. सुपरवायझर असताना असले स्क्रू मी डोळे मिटून आवळायचो, यांच्या निम्म्या आकाराचे.

मग लक्षात आलं. टेबलावरून घोडीवर रॉकेट ठेवलं ते नागनाथनं. नक्की आपटलं असणार. मी त्याला बोललो. "तुझे हात लेथचे आहेत, लोखंड उचलायचे. नाजूक वस्तूला कसं धरायचं, ते तुला चाळीस वर्षांत कळलं नाही." जरा जास्तच बोललो. तो माझ्या हाताकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बरं. माझंच चुकलं असंल."

चूक कबूल केली, हे चांगलं. उरले अठ्ठावीस दिवस.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

शेजारच्यांकडून एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, आलं. आमच्याकडची ताटली द्यायला मी दारात गेलो आणि ताटली निसटली. तीळ, गूळ, खोबरं, साखरेच्या चिमण्या, सगळं पायरीवर. शेजारीण "परवाइल्ला अण्णा" म्हणाली, म्हणजे काही हरकत नाही, आणि स्वतःच गोळा करायला बसली. फार लाज वाटली. ताटलीच्या खालच्या बाजूला तेल लागलं होतं बहुतेक.

महांतेशचा फोन आला. फॉर्मवरची माझी सही मागच्या वर्षीच्या सहीशी जुळत नाही म्हणे, बारीक झाली आहे. "सर, स्वल्प मोठी करून पाठवा ना." हे नवं पेन. निब बारीक आहे. दुसऱ्या पेननं केली, तरी शेवटची अक्षरं दाटीवाटीनंच बसली.

श्यामलानं डॉक्टरांचा नंबर लावला होता, परवाचा. मी रद्द करायला लावला. ८ तारखेपर्यंत विषय नको, असं ठरलंय म्हटलं. उरलेला तिळगूळ डब्यात भरताना तिनं झाकण जोरात लावलं.

१८ जानेवारी, रविवार

पास! टोपी अकरा फूट लांब पडली. आठच्या आठ कळ्या उघडल्या. मी ओरडलो, नागनाथला मिठी मारली, त्याच्या अंगावरचं ग्रीस माझ्या शर्टाला लागलं तरी काही वाटलं नाही.

एवढंच, की तारा जोडून झाल्यावर त्यानं मला कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा सांगायला पाठवलं. फोनवर सांगितलं तर पोऱ्या येत नाही, असं त्याचं म्हणणं. परत आलो तर झाकण लागलेलं. मला वाटत होतं, मी ते उघडं ठेवून गेलो होतो. असेन लावून गेलो.

घरी येऊन श्यामलाला सांगितलं. तिनं "वा" म्हटलं, पण ते "वा" काही धड नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

पुन्हा पास. लागोपाठ दोन! हेच ८ तारखेला करायचं आहे. आजही नागनाथला नेमक्या वेळी चहाची तल्लफ आली. लेथवाल्यांना चहाशिवाय चालत नाही.

हात अगदी चोख चालतोय. मांडीवर हलतो तो सवयीनं हलतो, कामाला लागला की सरळ होतो. हे डॉक्टरला काय कळणार? उड्डाणाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी केली.

२९ जानेवारी, गुरुवार

घरी जेवणाच्या टेबलावर सराव केला. तारांचा तसलाच एक जोड आणला होता. नऊ वेळा तार लावली, सहा वेळा ओढताच सुटली. स्क्रू फिरतोय असं वाटतं आणि फिरलेला नसतो. दुपारच्या उन्हाची टेबलावर तिरीप येते, दिसत नाही नीट.

कारखान्यातली सकाळ आठवली. लाइन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून हात टेबलावर पुढे करायचा. सुपरवायझर रांगेतून फिरायचा. स्प्रिंग थरथरली की त्या दिवशी घड्याळाला हात नाही. तीन दिवस थरथरली की कायमची बदली, खाली डबे भरायच्या खात्यात. डब्यांच्या खात्यात गेलेला माणूस कॅन्टीनमध्येही आमच्या टेबलाशी बसत नसे. त्याला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं, तरीही.

यल्लव्वाला मीच पाठवलं. बारा वर्षं माझ्या लाइनीत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, रात्री झोप झाली नाही हो, म्हणून." मी वहीत खूण केली. रडली, पण नियम म्हणजे नियम. चुकीच्या हातातून घड्याळ बाहेर गेलं तर जबाबदार मी.

आज तार बसत नव्हती त्याचं खरं कारण ऊन नाही. काल झोप झाली नाही. आज लवकर पडतो.

१ फेब्रुवारी, रविवार

नागनाथ पुतणीच्या लग्नाला चिक्कोडीला गेलाय. किल्ली देऊन गेला आणि दहा वेळा बजावून गेला की मी नसताना चाचणी घेऊ नको. म्हणजे काय? रॉकेट माझं की त्याचं? श्यामलाला घेऊन गेलो. मेट्रो, मग बस. बटण दाबायला कुणीतरी हवंच होतं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. तार सुटलेली. दुसऱ्यांदा टोपी उडाली, पण दोऱ्यांचा असा गुंता झालेला, की पॅराशूट गाठोड्यासारखं बाहेर येऊन पडलं. तिसऱ्यांदा घडीच पडेना. चौथी कळी दुमडली की पहिली सुटायची. एक तास गेला. श्यामला जवळ आली आणि नुसतं एक टोक धरलं.

मी तिच्यावर ओरडलो. "हात लावू नको! तुझा हात लागला तर बाद!" तिथे महांतेश नव्हता, कुणी नव्हतं. ती मागे झाली आणि घोडीपाशी उकिडवी बसली.

सात दिवस उरले. मला भीती वाटते. हे वाक्य लिहायला मला पाच मिनिटं लागली. मागच्या दोन रविवारी जमलं, मग आज का नाही? एकच फरक आहे, नागनाथ. त्यानं जाताना काहीतरी ढिलं करून ठेवलंय. त्याला ११ तारखेचं बोलणं लागलेलं दिसतं. दुसरं कारणच सुचत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नागनाथ लग्नाचा कुंदा घेऊन घरी आला. मी त्याला बसही म्हटलं नाही. "काय ढिलं करून गेलास ते सांग," म्हटलं.

त्यानं कुंद्याचा डबा टीपॉयवर ठेवला. "कायबी न्हाई."

"मग तू असताना दोनदा झालं आणि तू नसताना..."

"श्रीरंगा," तो म्हणाला, "अठराला अन् पंचवीसला तारा मी लावल्यात. घडीबी मीच मोडून परत घातली. तू चहा सांगायला गेलतास तवा."

मला प्रथम कळलंच नाही. मग कळलं. मी विचारलं, का?

"तुझं त्वांड बघवंना. अकराला तू मला बोललास, मी गप ऱ्हायलो. तार तुझ्याच हातनं ढिली ऱ्हायली हुती, मी बघितलेलं. म्हटलं बोलू दे, बोलून त्येला बरं वाटलं तर वाटू दे."

मी त्याला चालता हो म्हणालो. चाळीस वर्षांच्या मित्राला. तो उठला, चपला घातल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या श्यामलाला म्हणाला, "वैनी, येतो." ती त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून मला आणखी एक गोष्ट कळली.

"तुला माहीत होतं?"

"चहाचं मीच सुचवलं," ती म्हणाली. "मला वाटलं, दोनदा जमलं की तुम्ही जरा शांत व्हाल, मग डॉक्टरांकडे या म्हटलं तर याल."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझी फजिती केलीत."

"फजिती?" तिचा आवाज चढला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिचा आवाज असा मी दोनदाच ऐकलाय. "दोन वर्षं तुम्ही शर्टाची वरची गुंडी लावलेली नाही. मी लावते. तुम्ही आरशात बघत उभे राहता आणि मी लावते, आणि दोघंही त्यावर बोलत नाही. फजिती कुणाची चाललीय?"

कुंदा तसाच पडून आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रॉकेट होसकोट्यात, मी राजाजीनगरात. बेडशीट कापून पॅराशूट केलं आणि घडी घालत बसलो. दहा वेळात पाचदा नीट. तारा दहा वेळात सहा.

दहात सहा म्हणजे काय? माझ्या लाइनीत दहातली नऊ घड्याळं बरोबर जुळवणाऱ्याला मी उभं केलं नसतं. यल्लव्वाची स्प्रिंग आठात एकदा थरथरायची. घरी जाऊन तिनं काय सांगितलं असेल, कुणाला सांगितलं असेल, हे मी आजवर एकदाही मनात आणलं नव्हतं.

तरीही मला जायचंच आहे. दोनच चाचण्या. सहातल्या दोन लागोपाठ पडल्या तर? दान पडतं कधीकधी. पास झालो की मी कुणाचं ऐकून घेणार नाही, आणि २२ तारखेला ते वर जाईल, माझं नाव घेऊन. देवा, एवढं एकदा होऊ दे. मग हात घे हवा तर.

७ फेब्रुवारी, शनिवार

दहात सात. संध्याकाळी नागनाथचा फोन. "उद्या आठाला टेम्पो घिऊन येतो. तयार ऱ्हा." मी बरं म्हटलं. माफी मागायला तोंड उघडलं तोवर त्यानं फोन ठेवला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहायचं आहे. हात दुखला तरी.

क्लबची जागा होसकोट्याच्या पुढे, एका निलगिरीच्या रानाच्या कडेला. पत्र्याची शेड, लांब टेबलं, पंचवीसेक माणसं. बहुतेक तिशीतली, कुणी बायकापोरांसकट. चार रॉकेटं होती, माझं तिसरं. पद्धत अशी, की टेबलाशी फक्त मालक. काम झालं की त्यानं उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मी स्वतः तपासलं. तयार." त्याशिवाय महांतेश बटण कुणाच्या हाती देत नाही.

माझ्या आधीच्या दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं लागली. मला पन्नास. माणसं आधी बघत होती, मग मोबाइल काढून बसली, मग कुणीतरी इडलीचा डबा उघडला. नागनाथ टेबलापासून दहा पावलांवर उभा होता, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. श्यामला त्याच्या शेजारी. मी घडी तीनदा मोडली. चौथ्यांदा बसली. तारा लावल्या, प्रत्येक ओढून पाहिली. "मी स्वतः तपासलं. तयार."

फट्! टोपी बारा फूट. आठ कळ्या. टाळ्या. माझ्या हातानं! कुणाचा हात नाही, चहा नाही, काही नाही. श्यामला तोंडाला पदर लावून रडत होती आणि मी तिच्याकडे बघून दोन बोटं दाखवली, अजून एक.

दुसऱ्यांदा घडी लवकर पडली. तारा लावल्या. शेवटच्या स्क्रूशी आलो. स्क्रूड्रायव्हर तीनदा घसरला. चौथ्यांदा फिरला, की फिरल्यासारखा वाटला? घड्याळाच्या कामात डोळ्यांनी काही कळत नाही, बोटांना कळतं. स्क्रू बसला की बोटाच्या टोकाशी एक गच्च असं काही येतं, अठ्ठावीस वर्षं येत होतं. आज काही आलं नाही. तार ओढावी म्हणून हात पुढे केला तर हात तारेवर थडथड आपटायला लागला. त्यानंच सुटेल म्हणून मागे घेतला आणि झाकण लावलं.

"सर, रेडी?" महांतेश म्हणाला.

मी उभा राहिलो. समोर पंचवीस माणसं. एक चार-पाच वर्षांची मुलगी पुढे येऊन बसली होती, टोपी उडताना बघायला. दोनच वाक्यं म्हणायची होती. तोंड उघडलं आणि म्हणालो,

"नाही."

"काय झालं सर?"

"माझा हात थरथरतो." एवढ्या मोठ्यानं म्हणालो की इडली खाणाराही थांबला. "तार बसली की नाही, मला सांगता येत नाही."

महांतेश जवळ आला. झाकण उघडलं आणि तार दोन बोटांत धरून ओढली. पुन्हा ओढली. मग हळूच, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाला, "सर, टाईट आहे. एकदम टाईट. मी विचारलं नाही, तुम्ही बोलला नाही. करूया?"

घट्ट होती! मी लावलेली. त्या लोखंडी नियमांच्या पोरानं माझ्यासाठी नियम वाकवला होता. नुसतं "हो" म्हणायचं. नागनाथनं हात सोडले होते आणि मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"आज घट्ट आहे," मी म्हणालो. "बावीसला असेल की नाही, तेही मला सांगता येणार नाही. नाव काट."

महांतेशनं बराच वेळ पेन उघडलं नाही. मग काटलं. चौथ्या रॉकेटवाल्याला हाक गेली. मी टेबल आवरायला लागलो तर टोपी हातात राहीना. मग नागनाथ आला, श्यामला आली, त्यांनी आवरलं. आता हात लागला तरी चालणार होतं.

टेम्पोत मी मधे बसलो होतो. के.आर. पुरमच्या सिग्नलला मी म्हणालो, "नागनाथ, अकरा तारखेला मी तुला..."

"बोललास."

"मंगळवारी घरातून..."

"हाकललास. फुडं?"

तो गाडी चालवत होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. "बावीसला वर गेलं असतं रं," तो म्हणाला. "माझं लेथकाम हुतं त्यात. मीबी एकदा बघितलं असतं की." इतक्या दिवसांत हे त्यानं कधी तोंडातून काढलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उशिरापर्यंत झोपलो. उठल्यावर पहिल्यांदा कळलं की आता काही करायचं नाही. तो क्षण वाईट होता. रॉकेट दिवाणखान्यात आडवं पडलंय, सोफ्याला अडतंय.

दुपारी महांतेशनं फोन केला. पुढच्या परवानगीला नागनाथसरांच्या नावानं नवीन बांधा म्हणाला, तुम्ही शेजारी बसून सांगा, सांगण्याला नियम नाही. नागनाथला कळवलं. तो म्हणाला, "तू सांगणार म्हंजे शिव्या घालणार." मी हो म्हटलं. म्हणाला, बघू.

श्यामलाला मी स्वतः म्हटलं, नंबर लाव. तिनं आधीच लावलेला होता, उद्याचा, सकाळी अकरा वाजताचा. शनिवारीच लावला होता म्हणे. मी रागावलो नाही. शर्ट कुठला घालू विचारलं, तर म्हणाली, बिनगुंड्यांचा घाला, टी-शर्ट.

"तू बाहेर बसणार ना?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं. आत एकटे जायचं असेल तर एकटे जा."

मग तिला सांगितलं, आत ये. माझ्या शेजारीच बस. डॉक्टर विचारतील कधीपासून, तर मी म्हणेन या महिन्यापासून. तेव्हा तू दोन वर्षं सांग.